येमेनच्या नावाखाली हरारची कॉफी: दुबईतील एका खरेदीचा अनुभव

आखाती देशांत राहणारी आणि घरी कॉफी भाजून पिणारी मराठी मंडळी आता बरीच झाली आहेत. त्यांपैकी अनेकांना येमेनी कॉफीची ओढ असते. चिकमगळूरच्या डोंगरावर बाबा बुडन यांनी लावलेल्या सात बियांची कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते आणि त्या बिया मोका बंदरातून, म्हणजे येमेनमधून आल्या असे ती कथा सांगते. या ओढीचा फायदा घेऊन दुबईतील एका व्यापाऱ्याने आम्हा चार-पाच कुटुंबांना कसे फसवले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

व्यापारी अज्ञानी नव्हता, उलट त्याचा अभ्यास चांगला होता. आम्ही मुंबईचे आहोत असे कळताच त्याने साना शहराच्या पश्चिमेकडील हराझ डोंगराचा विषय काढला. तेथील हुतैब हे दाऊदी बोहरा समाजाचे यात्रास्थान असून, त्या समाजाच्या पुढाकाराने हराझमधील शेतकऱ्यांनी खात या नशेच्या पाल्याची झाडे उपटून पुन्हा कॉफी लावली, हे त्याने सविस्तर सांगितले. ही हकीकत खरी आहे. दोन हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांची शेती, पाण्याची कायमची टंचाई, पिकलेली फळे घराच्या धाब्यावर सालीसकट वाळवण्याची पद्धत, उदैनी, दवाइरी आणि तुफ्फाही ही झाडांच्या जातींची नावे, असे त्याने जे जे सांगितले ते सर्व नंतर पडताळून पाहिल्यावर बरोबर निघाले. फक्त ते त्याने आम्हाला विकलेल्या पोत्यांविषयी खरे नव्हते.

नमुना त्याने काचेच्या बरणीतून दिला. दाणे लहान, गोलसर, पिवळट छटेचे, एकमेकांशी न जुळणारे आणि बरेचसे कडांना फुटलेले होते. येमेनमध्ये वाळलेले फळ अजूनही अनेक ठिकाणी दगडी जात्यावर भरडतात आणि चाळण्या लावून आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत फारशी नाही, त्यामुळे तेथील माल असाच ओबडधोबड दिसतो. भाजून प्यायल्यावर मनुका, दारूसारखा किंचित आंबूसपणा, वेलदोड्याची आठवण देणारा मसालेदार वास आणि जिभेवर रेंगाळणारा दाटपणा, सगळे मिळाले. नमुना अस्सल होता याबद्दल मला आजही शंका नाही.

पोती आली तेव्हा वरच्या थरातील माल नमुन्यासारखाच होता. आमची फसवणूक खालच्या थरांत होती. अर्धे पोते संपल्यावर दाणे लांबट, नावेच्या आकाराचे येऊ लागले, फुटलेल्या कडा जवळजवळ दिसेनाशा झाल्या आणि कपात मसाल्याऐवजी जांभळ्या फळांचा ठसठशीत गोड वास येऊ लागला. हे वर्णन पूर्व इथिओपियातील हरारच्या कॉफीचे आहे. हरारची कॉफीदेखील सालीसकट उन्हात वाळवतात, तिचा रंगही पिवळटच असतो आणि तांबड्या समुद्राच्या जुन्या व्यापारामुळे तिलाही मोका हे नाव फार पूर्वीपासून चिकटलेले आहे. भेसळीला याहून सोयीचा माल मिळणे कठीण, कारण येमेनी कॉफीला हरारच्या कितीतरी पट दर मिळतो आणि येमेनचे उत्पादन इतके थोडे आहे की जगाच्या कॉफीत त्याचा वाटा एक टक्क्याच्या जवळपासही जात नाही. लांबट दाणा येमेनमध्येही क्वचित आढळतो, म्हणून केवळ आकारावरून आरोप करणे योग्य झाले नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

संशय पक्का झाला तो कागदांवरून. आग्रह धरल्यावर त्याने मालाच्या जहाजी पावतीची छायाप्रत दाखवली. तिच्यावर माल चढवल्याचे बंदर जिबूती होते. इथिओपियाला स्वतःचा किनारा नसल्यामुळे त्या देशाची बहुतेक निर्यात जिबूतीतून होते, तर येमेनचा माल अदनमधून किंवा होदेदामधून निघतो. युद्धामुळे माल वाकडी वाट करून येतो, असे त्याचे उत्तर होते. ते अगदीच अशक्य नाही, परंतु मग अदनपासून जिबूतीपर्यंतचा एखादा तरी कागद असायला हवा होता आणि तो त्याला शेवटपर्यंत दाखवता आला नाही. आमच्या बिलावरही देशाचे नाव नव्हते, केवळ ‘मोका, नैसर्गिक पद्धतीने वाळवलेली’ एवढेच लिहिलेले होते, त्यामुळे तक्रार करायला गेल्यावर ती फार पुढे सरकली नाही. बऱ्याच वादावादीनंतर काही रक्कम परत मिळाली.

येमेनची कॉफी घ्यायचीच असेल तर बिलावर देश, जिल्हा आणि हंगामाचे वर्ष लिहून घ्यावे. तेथील शेतकरी वाळलेली फळे घरात साठवतो आणि पैशांची गरज पडेल तशी थोडी थोडी विकतो. ती गावच्या आडत्याकडून शहरातील व्यापाऱ्याकडे जाताना वेगवेगळ्या खोऱ्यांतील आणि वेगवेगळ्या वर्षांतील माल एकत्र होतो, म्हणून नुसते ‘हराझ’ असे सांगणाऱ्याला गाव, भरडणीची गिरणी आणि सानामधील निर्यातदार विचारावा. ज्याने खरोखर त्या साखळीतून माल उचलला आहे तो हे सांगायला कचरत नाही, आणि बहुधा हेही कबूल करतो की आपला माल दोन-तीन गावांचा मिळून आहे. माझ्या मते असे कबूल करणारा व्यापारी ‘एकाच शेतातील’ म्हणून छाती ठोकणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेच्या पद्धतीचे उत्पत्ती प्रमाणपत्र आणि जहाजी पावती या दोन्हींवरील बंदर, तारीख आणि पोत्यांची संख्या जुळते का ते पैसे देण्यापूर्वीच पाहावे. नमुना बरणीतून घेऊ नये. धान्याच्या व्यापारात पोत्यात खुपसून आतला माल काढण्यासाठी जी पोकळ लोखंडी सळई वापरतात ती मागवून दोन-तीन पोत्यांच्या मधून आणि तळातून दाणे काढावेत व ते वेगवेगळे भाजून प्यावेत.

उरलेले पोते आम्ही ओळखीच्या एका कॅफेवाल्याला हरार म्हणूनच आणि हरारच्याच दराने दिले. हरार म्हणून ती कॉफी चांगली होती. त्याने पैसे मोजण्याआधी पोते उलटे करून तळाचे दाणे पाहिले, आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.