आल्याचे बेणे घेताना झालेली फसवणूक

मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात शेती करतो. आले हे पीक आमच्याकडे नवे नाही आणि घरचे बेणे, म्हणजे लागणीसाठीचे कंद, राखण्याची रीतही वडिलांपासून चालत आलेली आहे. परंतु 2023 च्या उन्हाळ्यापासून आल्याचे भाव चढत गेले आणि पुढच्या फेब्रुवारीत घरी पैशांची नड निघाल्यामुळे बेण्यासाठी राखायचे आलेही मी बाजाराला दिले. साहजिकच 2024 च्या लागणीसाठी एकरी दहा क्विंटल, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने पाचशे किलोच्या दोन गाड्या, बेणे विकत घेण्याची वेळ आली आणि मी एका दलालाच्या हाती सापडलो.

त्याने मार्चअखेर मला शेजारच्या तालुक्यातील एका रानात नेले. त्याने माझ्यासमोर कुदळ मारून काढलेला गड्डा घट्ट, पिवळाधमक आणि टपोऱ्या डोळ्यांचा होता. "हेच बेणं तुमच्या दारात उतरंल," असे तो म्हणाला आणि मी वीस हजारांचा विसार दिला. अक्षय्य तृतीया झाल्यावर एका रात्री साडेनऊला टेम्पो दारात आला. चालकाला पुढे आणखी माल टाकायचा होता, त्यामुळे उरलेले नव्वद हजार गोण्या उतरवण्यापूर्वीच दलालाने सांगितलेल्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर पाठवावे लागले. बिलाऐवजी माझ्या हातात आली ती नुसते आकडे लिहिलेली चिठ्ठी.

सकाळी पडवीत गोण्या ओतल्या, तेव्हा खरा प्रकार दिसला. प्रत्येक गोणीच्या तोंडाशी असलेले दोन-तीन किलो बेणे मला दाखवले होते तसेच होते. खाली मात्र धुतलेले, मुळ्या खरडून काढलेले, चकाकणारे गड्डे होते. सावलीत दोन महिने विश्रांती घेतलेल्या बेण्याची साल घट्ट आणि निस्तेज होते, तिच्यावर माती वाळलेली असते आणि नखाने साल सहज सुटत नाही. या गड्ड्यांची साल नखाला सोलून येत होती, म्हणजे हा नुकताच काढलेला बाजाराचा माल होता. काहींच्या डोळ्याजवळ अंगठा दाबला की तो आत जात होता आणि वास मारणारे पाणी बाहेर येत होते. दलालाला फोन केल्यावर "वाटेत ऊन लागलं असंल, औषधात बुडवून लावा," एवढेच उत्तर मिळाले. गादीवाफे तयार होते, ठिबक अंथरलेले होते आणि दुसरीकडे बेणे शिल्लक नव्हते, म्हणून सडके दीड क्विंटल बाजूला काढून उरलेले मी बुरशीनाशकात बुडवून लावले. तो माल त्याच दिवशी परत पाठवायला हवा होता, ही माझी चूक मला आजही बोचते.

जुलैमध्ये हिरवी पानेच गुंडाळून खाली लोंबू लागली आणि हात लावताच खोड गड्ड्यापासून सुटून येऊ लागले. पाणी साचून कंदकूज झाली असावी, असे मला वाटले होते. कृषी सहायकांनी खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगून धरला. काही मिनिटांतच त्याच्या कापलेल्या तोंडातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला. ही जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूंमुळे झाड वाळवणारा रोग, होती. ती बेण्यातून येते, बुरशीनाशकाला दाद देत नाही, वाहत्या पाण्याबरोबर शेजारच्या वाफ्यात जाते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. चाळीस गुंठ्यांपैकी अठ्ठावीस गुंठे सप्टेंबरपर्यंत बसले. पैशांपेक्षाही त्या मातीचे दुःख मोठे आहे, कारण तिच्यात आता आले कधी घेता येईल हे मला कोणीही ठामपणे सांगू शकत नाही.

मला दाखवलेल्या प्लॉटच्या मालकाकडे मी जाऊन आलो. त्यांनी आपले बेणे एप्रिलमध्येच दुसऱ्याला दिले होते आणि या व्यवहाराची त्यांना कल्पनाही नव्हती. तालुका कृषी कार्यालयात माझे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले, पण पहिला प्रश्न बिलाचा आला. सदोष बियाण्यासाठी शेतकऱ्याला ग्राहक न्यायालयात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलेले आहे. परंतु बेणे कोणी विकले हे दाखवणारा कागदच माझ्याजवळ नव्हता.

म्हणून बेणे विकत घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की प्लॉट पाला हिरवा असतानाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, स्वतः फिरून पाहावा, कारण मर लागलेली झाडे तेव्हाच डोळ्यांना दिसतात. सौदा थेट शेतकऱ्याशी करावा, काढणीला स्वतः उभे राहावे, माल दिवसा उतरवून घ्यावा, प्रत्येक गोणी तळापर्यंत ओतून पाहावी आणि विकणाऱ्याच्या सहीची पावती व काटापावती हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ज्यांनी असाच रात्री उतरवलेला माल लावला असेल, त्यांनी आपले पीक चांगले दिसत असले तरी त्यातून बेणे राखू नये.

माझ्या उरलेल्या बारा गुंठ्यांतील आले वरून निरोगी दिसत होते. काढणीच्या वेळी एक व्यापारी ते बेण्यासाठी चढ्या दराने मागत होता. मी ते खाण्याच्या बाजारातच विकले आणि रिकाम्या वाफ्यांत मका पेरला.