रेड लाइन एमटी-९० : रोजचा रस्ता आणि ट्रॅक यांसाठी एकच गिअर तेल

रोज कामावर नेणारी आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर उतरणारी मॅन्युअल गाडी गिअरबॉक्सच्या तेलाकडून एकमेकांच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी मागते. सकाळी गार गाडी सुरू केल्यावर तेल पातळ हवे, म्हणजे पहिल्याच वळणाला दुसरा गिअर अडखळणार नाही. आणि दुपारी लागोपाठ लॅप मारून गिअरबॉक्स तापला की तेच तेल पुरेसे दाट राहायला हवे, म्हणजे दातांच्या मधला थर फाटणार नाही. शिवाय ते निसरडे हवे, पण सिंक्रो रिंगची, म्हणजे गिअर बदलताना घर्षणाने दोन भागांची गती सारखी करणाऱ्या कड्याची, पकड सुटेल इतके निसरडे नको. या शेवटच्या अटीकडे खरेदी करताना सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि माझ्या मते निवड तिथूनच सुरू झाली पाहिजे. रेड लाइन कंपनीचे एमटी-९० मला आवडते ते या अटीमुळेच. हे ७५डब्ल्यू-९० दाटपणाचे (पहिला आकडा गार असतानाचा, दुसरा तापल्यावरचा), एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या जीएल-४ दर्जाचे, पूर्ण सिंथेटिक तेल आहे. माझ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी यंत्रणा) वेगवेगळे आहेत, सिंक्रो रिंगा पितळी आहेत आणि उत्पादकाची पुस्तिका याच दर्जाचे आणि याच दाटपणाचे तेल सांगते. पुढचे सगळे मत अशा गाडीपुरते आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

जीएल-५ म्हणजे जीएल-४ ची पुढची, सुधारलेली पायरी, हा समज फार पसरलेला आहे आणि तो गिअरबॉक्सला महागात पडतो. हे आकडे चढत्या गुणवत्तेचे नाहीत, वेगवेगळ्या कामांचे आहेत. जीएल-५ हा दर्जा प्रामुख्याने हायपॉइड डिफरन्शियलसाठी आहे. त्या रचनेत पिनियन (लहान चाक) आणि क्राउन व्हील (मोठे चाक) यांचे दात एकमेकांवर फिरतात तसेच प्रचंड दाबाखाली सरकतातही, आणि तिथे धातूला धातू चिकटू नये म्हणून गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने भरपूर प्रमाणात लागतात. जीएल-४ मध्ये त्यांचे प्रमाण ढोबळमानाने निम्मे असते. तापलेल्या तेलातले क्रियाशील गंधक पितळ आणि कांस्य यांना खाते, ही तक्रार जुनी आहे. आजच्या अनेक जीएल-५ तेलांत ती बरीच आटोक्यात आणलेली आहे. एखादे तेल या बाबतीत कसे आहे हे तांब्याच्या पट्टीच्या एएसटीएम डी-१३० चाचणीच्या निकालावरून कळते, आणि तो निकाल उत्पादनाच्या माहितीपत्रकात दिलेला असेल तर अवश्य पाहावा.

पण गंधकाचा प्रश्न सुटला तरी घर्षणाचा प्रश्न उरतोच. गिअर टाकताना स्लीव्ह, म्हणजे दांड्याने सरकणारे कडे, सिंक्रो रिंगला गिअरच्या शंकूवर दाबते, रिंगेच्या आतील बारीक खाचा दोघांमधले तेल पुसून बाजूला सारतात, आणि मग जी पकड बसते तिच्या जोरावर गिअर आणि शाफ्ट यांची गती सारखी होते. गती सारखी होईपर्यंत रिंग स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. तेल फार निसरडे असेल तर पकड उशिरा बसते; चालक घाईत असेल आणि त्याने दांडा रेटला, तर खर्रकन आवाज येतो आणि प्रत्येक आवाजागणिक रिंगेची धार थोडी झिजते. रस्त्यावर सावकाश गिअर बदलणाऱ्याला हा फरक कदाचित जाणवणार नाही. लांब सरळ भागाच्या शेवटी जोरात ब्रेक दाबून चौथ्यावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरणाऱ्याला तो दर लॅपला जाणवतो. जीएल-५ दर्जासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्या डिफरन्शियलच्या दृष्टीने रचलेल्या आहेत. सिंक्रो किती चांगला चालेल याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

एमटी-९० या कसोटीला चांगले उतरते. गिअरबॉक्स पूर्ण तापलेला असताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना दांडा एका क्षणासाठी हलकासा थबकतो आणि मग आपणहून आत ओढला जातो. तो थबकणे म्हणजे रिंग आपले काम करते आहे, आणि ती जाणीव हाताला स्पष्ट मिळणे मला फार मोलाचे वाटते. ट्रॅकवरील सत्राच्या अखेरीसही ही जाणीव बोथट होत नाही, गिअरचा गुणगुणाट वाढत नाही. गार असताना मात्र हे तेल आपला दाटपणा दाखवते. थंडीच्या सकाळी पहिल्या काही मिनिटांत दुसरा गिअर जड पडतो आणि घाई केली तर नाराजी व्यक्त करतो. गाडी उभी ठेवून इंजिन तापवल्याने यात फारसा फरक पडत नाही, कारण गिअरबॉक्स तापतो तो प्रत्यक्ष चालण्याने. तेव्हा सुरुवातीला कमी आरपीएमवर, सावकाश गिअर बदलत जाणे हाच उपाय आहे.

ज्याला हा जडपणा नको असेल आणि ज्याची गाडी ट्रॅकवर क्वचितच जाते, त्याने त्याच कंपनीचे एमटीएल पाहावे. तेही जीएल-४ आहे, पण ७५डब्ल्यू-८० दाटपणाचे. एसएई जे-३०६ या मानकानुसार १०० अंश सेल्सिअसला ८० ग्रेडची स्निग्धता (दाटपणाचे माप) ८.५ ते ११ सेंटिस्टोक आणि ९० ग्रेडची १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक या मर्यादांत असते, म्हणजे तापल्यावरचा फरक लहान नाही. दोहोंच्या मधले एमटी-८५ सुद्धा मिळते. ९० हा आकडा पाहून दचकण्याचे कारण नाही: गिअर तेलाची आणि इंजिन तेलाची मोजपट्टी वेगळी आहे, आणि ७५डब्ल्यू-९० गिअर तेल तापल्यावर साधारण ४० किंवा ५० ग्रेडच्या इंजिन तेलाइतकेच दाट असते. पुस्तिकेत ७५डब्ल्यू-८० लिहिलेले असताना केवळ ट्रॅकच्या नावाखाली ९० वर जाण्याआधी तेलाचे तापमान खरोखर किती चढते हे मोजावे. मोजमाप हाती नसताना दाट तेल भरणे म्हणजे रोजचा त्रास विकत घेणे होय.

आता हे तेल कोणी घेऊ नये, याविषयी. सुबारूच्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांत पुढचे हायपॉइड डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच तेलात फिरते, म्हणून तिथे जीएल-५ लागते आणि जीएल-४ भरणे धोक्याचे आहे. अशा गाड्यांसाठी मोतुल गिअर ३०० किंवा रेड लाइनचेच ७५डब्ल्यू-९०एनएस हे पर्याय पाहण्यासारखे आहेत. दुसऱ्यात सिंक्रोची पकड टिकावी म्हणून घर्षण कमी करणारे घटक घातलेले नाहीत. ट्रेमेक टी-५६ सारखा मजबूत गिअरबॉक्स डेक्सरॉन एटीएफवर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पातळ तेलावर) चालतो, होंडा स्वतःचे पातळ एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचे तेल) सांगते. तिथे ७५डब्ल्यू-९० भरण्यात काहीच अर्थ नाही. गिअरबॉक्सच्या आत प्लेटचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळे फिरू न देणारे) बसवले असेल तर त्याच्या उत्पादकाचा शब्द अखेरचा मानावा, कारण प्लेटना हवे असणारे निसरडेपण नेमके सिंक्रोला नको असते. दातेरी प्रकारच्या, उदाहरणार्थ क्वाइफच्या, डिफरन्शियलला ही अडचण येत नाही.

तेल बदलण्याविषयी माझे ठाम मत असे की, ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीने रस्त्यासाठी छापलेल्या किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडेशनचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे तापलेल्या एका दिवसाची किंमत साध्या रस्त्यावरच्या कित्येक दिवसांइतकी असते. मी हंगामाच्या शेवटी तेल काढतो. आधी फिलर प्लग (तेल भरायचा वरचा प्लग) सैल होतो याची खात्री करावी आणि मगच ड्रेन प्लगला (तेल काढायच्या खालच्या प्लगला) हात लावावा. नाहीतर गिअरबॉक्स रिकामा आणि वरचा प्लग गंजून घट्ट, अशी अवस्था होते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. तो बोटांनी चोळून पाहावा: टोचणारे पोलादी कण लागले तर दात किंवा बेअरिंग तपासावे लागेल. पितळ चुंबकाला धरत नाही, म्हणून काढलेले तेल उथळ भांड्यात घेऊन उजेडात तिरपे करून पाहावे. सोनेरी झाक बारीक आणि विरळ असेल तर चिंता नको. चकाकणारे कपचे दिसले तर सिंक्रो रिंग जात आली आहे, आणि ती कोणत्याही तेलाने परत येणार नाही. नवीन तेल सपाट जागी, गाडी समपातळीत ठेवून, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. ट्रॅकसाठी म्हणून मुद्दाम जास्त भरले तर ते घुसळून फेसाळते, अधिक तापते आणि ब्रीदरमधून (हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येते; त्यामुळे उत्पादकाने स्वतःहून वेगळी पातळी सांगितली नसेल, तर या कडेवरच थांबावे.