आइस मेकरचा अकरा महिन्यांचा अनुभव: बिघाड यंत्रात नव्हे, पाण्याच्या दाबात

गेल्या गुढीपाडव्याला लातूरच्या आमच्या घरी आइस मेकर असलेला दोन दारांचा फ्रिज आला. सुरुवातीचे काही आठवडे बर्फ व्यवस्थित पडला. पुढे खडे लहान आणि आतून पोकळ होऊ लागले आणि ऐन मे महिन्यात बर्फ पूर्णच थांबला. फ्रीजरचे तापमान उणे 18 अंशांवर स्थिर होते, त्यामुळे थंडाव्याचा दोष नव्हता. तरीही घरी आलेल्या मेकॅनिकने, पाण्याची नळी एकदाही न तपासता, संपूर्ण आइस मेकर बदलण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही, याचे आजही समाधान वाटते.

फ्रिजमागचा पाण्याचा कॉक बंद करून नळी काढली, तिचे टोक बादलीत धरले आणि कॉक पुन्हा उघडला, तेव्हा करंगळीएवढीही धार आली नाही. (ते पाणी तुळशीला घातले, 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे तपासणीचे पाणीही मोरीत सोडवत नाही.) माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान 20 पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) दाब सांगितला आहे. पाण्याच्या एक मीटर उंचीमागे साधारण 1.4 पीएसआय दाब मिळतो, म्हणजे गच्चीवरील टाकी फ्रिजपासून सुमारे चौदा मीटर उंच हवी. आमची जेमतेम पाच मीटरवर आहे. एकमजली घरात टाकीवरून थेट जोडणी देताना विक्रेत्याने हे सांगायलाच हवे होते.

फ्रिजमध्ये येणारे पाणी सोडणाऱ्या-थांबवणाऱ्या झडपेच्या, म्हणजे इनलेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली नखाएवढी जाळी काढली, तर ती बोअरच्या क्षारांनी चुन्यासारखी पांढरी पडलेली होती. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून ती अर्धा तास भिजवली आणि जुन्या टूथब्रशने घासली. साच्यात पाणी सोडणाऱ्या नळीतही बर्फाचा बोळा अडकला होता. दाब कमी असला की व्हॉल्व्ह घट्ट मिटत नाही, थेंबथेंब पाणी झिरपते आणि तिथेच गोठते. फ्रिजचा प्लग काढून, कोमट पाण्यात पिळलेले फडके लावून तो वितळवला. सुरीने टोकरण्याचा मोह टाळावा, कारण नळीला चीर पडते.

त्यानंतर पाण्याचा दाब वाढवणारा लहान बूस्टर पंप आणि त्याच्याआधी गाळ अडवणारा फिल्टर बसवला. पहिल्या दिवसाचा बर्फ टाकून दिला. दुसऱ्या दिवसापासून भरीव खडे पडू लागले, ते आजतागायत पडत आहेत. फ्रिजमधील फिल्टर सहा महिन्यांनी बदलण्याची सूचना असली, तरी आमच्याकडे तो चौथ्या महिन्यातच तुंबतो, आणि हा खर्च खरेदीपूर्वीच हिशेबात धरावा. वीज बराच वेळ गेली की डब्यातील खडे एकमेकांना चिकटून ढेप होते. ती फोडत न बसता मी डबा रिकामा करतो. चार दिवस गावी जायचे असल्यास आइस मेकर आणि पाण्याचा कॉक दोन्ही बंद करूनच घराला कुलूप लावतो.