स्प्रिंगची झोळी: स्प्रिंग चांगली, कापड सुमार

सोलापूरच्या नवी पेठेत तान्ह्या बाळांसाठी स्प्रिंगच्या झोळीचा तयार संच मिळतो: स्प्रिंग, दोन हूक, साखळी, आडवी दांडी आणि कापडी पिशवी. पाहुण्यांनी "आणा, मी निजवतो" म्हणत बाळ आणखी जागं करण्यापेक्षा ही बरी.

स्प्रिंग घेताना वजनाचा आकडा वाचा. जड बाळाची स्प्रिंग तीन किलोच्या बाळाला हलतच नाही, मग घरचे ती हाताने ओढत बसतात. साखळी स्प्रिंगच्या आतून जाऊन वरच्या-खालच्या दोन्ही हुकांत अडकायला हवी. स्प्रिंग तुटली तर बाळ या साखळीवरच तोललं जातं. स्प्रिंगवर कापडी खोळ हवीच, नाहीतर मोठ्या भावंडाचं बोट वेढ्यात सापडतं.

सगळ्यात कटकट आवाजाची. बाळाचा डोळा लागतो न लागतो तोच हूक करकरतो. खोबरेल लावू नका, धूळ बसून चिकटा होतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घालून पुसून घ्या.

सोबतची पिशवी पॉलिस्टरची. सोलापूरच्या एप्रिलमध्ये बाळाची पाठ घामोळ्यांनी भरेल, तेव्हा सुती शिवून घ्या. आत सोलापुरी चादरीची घडी नको, फार ऊब धरते. जुन्या माळवदात (मातीच्या सपाट छपरात) झोळी टांगायची तुळई पोखरलेली नाही ना, ते आधी ठोकून बघा.

झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून लक्ष हवंच. झोप लागली की बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवा. पालथं पडू लागलं की झोळी बंद.