बँक ऑफ महाराष्ट्र: हडपसरचं प्रशिक्षण, गटाचं खातं आणि नंतरचे महिने

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या महिला बचत गटाचं खातं बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये आहे. गेल्या थंडीत मी याच बँकेच्या हडपसरच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पापड, लोणचं आणि मसाल्याचं प्रशिक्षण घेतलं. पाठोपाठ गटाला कर्ज मंजूर झालं आणि मिरचीचा एक पूर्ण हंगाम आम्ही त्या पैशावर काढला. आता दिवाळीची विक्रीही उरकली आहे. बँक समाजासाठी काय करते, हे वार्षिक अहवालात छान छान फोटोंसह छापलेलं असतं. त्यातलं आमच्यापर्यंत काय पोहोचलं आणि ते किती टिकलं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी प्रशिक्षणाबद्दल. या संस्थांना इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे आरसेटी म्हणतात. ग्रामविकास मंत्रालयाची योजना आहे आणि प्रत्येक जिल्ह्यातल्या अग्रणी बँकेने, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालायचं काम जिच्याकडे असतं तिने, ती चालवायची असते. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट. कल्पना मूळची कर्नाटकातली. १९८२ मध्ये उजिरे इथे धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेग्गडे यांनी सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँकेला सोबत घेऊन अशी पहिली संस्था काढली आणि २००९ पासून केंद्र सरकारने तोच नमुना देशभर नेला. गरीब कुटुंबातल्या प्रशिक्षणार्थींचा खर्च मंत्रालय भरून देतं. संस्था चालवायची, आपला अधिकारी संचालक म्हणून तिथे बसवायचा, ही जबाबदारी बँकेची. म्हणजे सगळं श्रेय बँकेचं नाही आणि तसं मी म्हणणारही नाही.

मसाले आम्हाला येत होतेच. कांदा-लसूण मसाला कसा भाजायचा, दगडफूल किती, नागकेशर किती, हे मला हडपसरला जाऊन शिकायचं नव्हतं. मला हवं होतं ते त्यानंतरचं सगळं, आणि संस्थेची खरी ताकद तिथेच आहे. प्रशिक्षणाचा बराच वेळ उद्योजकतेवर जातो. त्यातला एक रिंग टाकण्याचा खेळ मला अजून उपयोगी पडतो. खुंटीवर रिंग टाकायची. कुठून टाकायची ते ज्याने त्याने ठरवायचं. लांबून पडली तर गुण जास्त, जवळून पडली तर कमी. पहिल्या फेरीत बहुतेक जणी खुंटीला खेटून उभ्या राहिल्या आणि एकदोघी हौसेने पार भिंतीपर्यंत मागे गेल्या. मग सरांनी प्रत्येकीला विचारलं, इथेच का उभ्या राहिलात? दुसऱ्या फेरीत कुणी काही न सांगता सगळ्यांची जागा बदलली. आपल्याला कितीचा धोका झेपतो हे आधी मोजायचं आणि मगच पैसा लावायचा, हे भाषणातून इतकं आत गेलं नसतं. मार्चमध्ये मिरची किती भरायची यावर गटात तासभर वाद झाला, तेव्हा तिथे जाऊन आलेल्या आम्ही दोघी त्याच खेळाच्या भाषेत बोलत होतो.

दुसरी गोष्ट मजुरीची. उत्पादन खर्च काढताना मिरची, धने, खोबरं, तेल, पिशवी, लेबल, कांडपाचे पैसे हे सगळ्यांनी भराभर लिहिलं. आपली मजुरी मात्र एकीनेही धरली नव्हती. मिरची निवडायला, देठ काढायला आणि भाजायला लागणारा वेळ घरच्या कामात जमा असतो, अशीच आमची सवय. प्रशिक्षणात तो वेळ रुपयांत मांडायला लावला. त्या आकड्यानंतर आमच्या मसाल्याची किंमत बदलली आणि ती बदलूनही गिऱ्हाईक टिकलं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी कुठल्याही गटाला तिथे जायला सांगेन. अन्न परवान्याची नोंदणी, छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी, लेबलवर काय काय छापलंच पाहिजे, हेही तिथेच कळलं. ते कागदांचं काम आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता कर्ज. इथे जरा सविस्तर सांगते, कारण बऱ्याच गटांची गाडी इथेच अडते.

उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाला पहिल्या टप्प्यात जमा निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १० लाखांपर्यंत तारण नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही चढवायचा नाही. ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. हे नियम सगळ्या बँकांना सारखे आहेत. तरी याआधी दुसऱ्या एका बँकेत आम्हाला बचतीची रक्कम अडकवून ठेवा, मग कर्जाचं बघू, असं सांगितलं गेलं होतं. म्हणून नियम तोंडपाठ असलेले बरे. या वेळी दप्तर, ग्रेडिंग (गटाच्या कामाचं गुणांकन), ठराव आणि सूक्ष्म पत आराखडा (कुणाला कशासाठी किती कर्ज लागेल याचा कागद) घेऊन आम्ही शाखेत गेलो. गटांना बँकेच्या कामात मदत करणाऱ्या बँक सखी ताई सोबत होत्या. शाखेतल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, मुदत कर्ज हवंय की कॅश क्रेडिट?

हा प्रश्न विचारला गेला, याचं मोल मसाल्याच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. नवी वाळलेली मिरची बाजारात येते ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी गुंटूर किंवा लवंगी तेव्हाच भरून ठेवावी लागते. एकदा पावसाळी हवा सुरू झाली की भाव चढतात आणि माल सादळतो. पैसा असा दोन-तीन महिन्यांत एकदम जातो आणि येतो मात्र वर्षभर, पाव-पाव किलोच्या पिशव्यांमधून. मुदत कर्ज घेतलं असतं तर पहिल्या महिन्यापासून सारखा हप्ता सुरू झाला असता आणि तो भरायला मिरचीच्या पैशालाच हात लावावा लागला असता. कॅश क्रेडिटमध्ये मर्यादा ठरते, लागेल तेवढं उचलायचं, विक्री झाली की भरायचं, आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर. आमचं खातं मे महिन्यात सगळ्यात खोल गेलं आणि दिवाळीनंतर जवळजवळ वर आलं. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा उचलणार आहोत. फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरायची गरज नाही.

प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो आणि तो होतोय. फोन येतो, विक्री विचारतात, कर्जाचं काय झालं ते विचारतात. या संस्थांचं काम किती जणांना शिकवलं यावर थांबत नाही. किती जणांचा धंदा उभा राहिला आणि त्यातल्या किती जणांना बँकेचं कर्ज मिळालं, हेही मोजलं जातं. माझ्या मते सगळा फरक त्या शेवटच्या मोजणीने पडतो. शिलाई मशीन वाटपाचे किती तरी कार्यक्रम आम्ही पाहिले. मशीन येतं, हार-तुरे होतात आणि कापड आणायला पैसा नाही म्हणून ते कोपऱ्यात पडून राहतं. बँकेकडे शिकवणाऱ्यांच्या पाठीशी कर्जाचं टेबलही असतं. तिने समाजकार्य करायचं तर ते या टेबलापर्यंत आणून सोडणारं असावं, असं मला मनापासून वाटतं.

हे खातं वापरताना बँकेबद्दल कुतूहल वाढलं म्हणून तिचे जुने-नवे आकडे वाचून काढले. प्राध्यापक वा. गो. काळे आणि डी. के. साठे यांच्या पुढाकाराने १६ सप्टेंबर १९३५ रोजी पुण्यात बँकेची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल १० लाख रुपये. व्यवहार सुरू झाले ८ फेब्रुवारी १९३६ ला. काळे फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र शिकवायचे. दुसरी शाखा १९३८ मध्ये मुंबईत फोर्टला निघाली, आणि ठेवी १ कोटीच्या पुढे जायला १९४६ साल उजाडावं लागलं. १९ जुलै १९६९ ला देशातल्या इतर १३ मोठ्या बँकांबरोबर तिचंही राष्ट्रीयीकरण झालं. १९७६ मध्ये मराठवाडा ग्रामीण बँकेची ती प्रायोजक झाली आणि १९७९ मध्ये शेती संशोधन आणि ग्रामीण विकासासाठी तिने स्वतःचं न्यास-प्रतिष्ठान नोंदवलं. गावांकडे वळायची ही सवय कंपनी कायद्यात समाजकार्याची सक्ती येण्याच्या कितीतरी आधीची आहे. आणि ती सक्ती राष्ट्रीयीकृत बँकांना तशी लागूही होत नाही, कारण त्या कंपनी कायद्याखाली मोडत नाहीत, त्यांचा कायदा १९७० चा वेगळा.

बँकेच्या बोधचिन्हात दीपमाळ आहे. जेजुरीच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हाला ती वेगळी दाखवून द्यावी लागत नाही.

मधला काळ मात्र कठीण गेला. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर तातडीच्या सुधारणेचे निर्बंध घातले. मार्च २०१८ ला ढोबळ थकीत कर्जं १९.४८ टक्क्यांवर होती. म्हणजे दिलेल्या दर १०० रुपयांतले जवळजवळ २० अडकलेले. निर्बंध ३१ जानेवारी २०१९ ला उठले, पण त्या आर्थिक वर्षाचा तोटा ४,७८४ कोटींचा होता. ही रक्कम वाचून मी थांबले, कारण याच जागी वाढ आणि दानधर्म एकमेकांना भेटतात. देणग्यांबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम असा की नफ्यातल्या बँकेने आदल्या वर्षीच्या नफ्याच्या १ टक्क्यापर्यंत देणगी द्यावी आणि तोट्यातल्या बँकेने वर्षभरात सगळी मिळून फक्त ५ लाखांपर्यंत. ५ लाखांत एखादी रुग्णवाहिकासुद्धा धड येत नाही.

त्यानंतरची चढण मोठी आहे. २०२२-२३ मध्ये नफा २,६०२ कोटी, २०२३-२४ मध्ये ४,०५५ कोटी, २०२४-२५ मध्ये ५,५२० कोटी. मार्च २०२५ ला ढोबळ थकीत कर्जं १.७४ टक्क्यांवर आली आणि एकूण व्यवसाय ५ लाख कोटींच्या पुढे गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दहा सरकारी बँकांच्या चार बँका करायचं ठरलं, तेव्हा ही बँक त्या यादीबाहेर राहिली आणि तिचं नाव टिकलं. २०२४-२५ च्या नफ्यावर १ टक्क्याच्या नियमाने हिशेब केला तर देणगीची मर्यादाच ५५ कोटींच्या घरात जाते. खर्च किती करायचा हे बँकेने ठरवायचं आहे, पण ५ लाख कुठे आणि ५५ कोटी कुठे! बड्या कर्जदारांनी बुडवलेला पैसा शेवटी कुणाच्या वाट्याचा जातो, हे या दोन आकड्यांतून मला जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठल्याही बातमीतून दिसलं नव्हतं. गटाची वसुली वेळेवर व्हावी म्हणून मी बैठकीत कडक बोलते, त्यालाही आता हे एक कारण जोडलं गेलं आहे.

या नफ्यातून काय व्हावं याबद्दल माझी मतं आहेत, आणि ती गटातल्या बायकांची म्हणून वाचावीत. आरसेटीचं निवासी प्रशिक्षण उत्तम आहे, पण अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला घर सोडून राहता येत नाही. गावात येऊन घेतलेली प्रशिक्षणं या योजनेत बसतात, ती वाढवायला हवीत, आणि हडपसरसारख्या ठिकाणी मुलं सांभाळायची सोय देणगीच्या पैशातून सहज उभी राहील. वयाच्या अटीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या बायका बाहेर राहतात, आणि कुरडया-सांडग्यांचा खरा हात त्यांचाच. निदान शिकवायला तरी त्यांना मानधन देऊन बोलवावं. तिसरी मागणी विक्रीची. कर्ज मिळतं, माल तयार होतो, पण शहरातलं कायमचं दुकान गटाला परवडत नाही. ग्रामीण महिला व बालक विकास मंडळ या बँकेच्याच संस्थेने सावित्री नावाने बचत गटांच्या मालाला पुण्यात जागा दिली होती. ती वाट रुंद करायला आज बँकेकडे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ताकद आहे. प्रत्येक मोठ्या शाखेच्या आवारात आठवड्यातून एक दिवस गटांना टेबल मांडू दिलं तरी आमच्यासारख्यांचा वर्षाचा हिशेब बदलेल.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, फोटो आणि गटात असाल तर गटाचं पत्र एवढं जवळ ठेवा. प्रशिक्षण आपल्याच जिल्ह्यात मिळतं, त्यामुळे आपली अग्रणी बँक कोणती ते आधी विचारा. पुणे, सातारा, नाशिककडे ती बँक ऑफ महाराष्ट्र आहे. सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरीत ते काम बँक ऑफ इंडियाकडे आहे. मसाल्याच्या तुकडीसाठी दिवाळीनंतर लगेच नाव द्या, म्हणजे प्रशिक्षण, ठराव आणि मंजुरी उरकून फेब्रुवारीत मिरची भरायला पैसा हातात असेल. आणि शाखेत गेल्यावर मुदत कर्जाचा फॉर्म पुढे आला तर कॅश क्रेडिट मिळेल का, हे स्वतःहून विचारा.