बायकोसाठी रायफल: पॉइंट १७७ की पॉइंट २२?

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषयच नाही. प्रश्न कागदी लक्ष्याचा. ठाण्यात बायकोला नेमबाजी सुरू करायची असेल, तर मी बेलाशक पॉइंट १७७, म्हणजे ०.१७७ इंच व्यासाच्या नळीची, हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल सुचवेन. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, धक्का जवळजवळ नाही, अंतर १० मीटर. दहा गुणांचा ठिपका मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर! श्वास, खांदा, ट्रिगरवरचं बोट, सगळं इथेच घडतं. घेताना दस्ता तिच्याच खांद्याला लावून बघा. तुमच्या मापाची रायफल तिच्या गळ्यात मारू नका.

पॉइंट २२ म्हणजे खरं काडतूस, ५० मीटरची रेंज आणि पोलीस आयुक्तालयाचा शस्त्रपरवाना. स्वप्नील कुसाळेचं २०२४चं ऑलिंपिक कांस्य याच रायफलीचं, त्यामुळे मोह होणारच. पण परवान्याचे कागद जमेपर्यंत तिचा हात एअर रायफलवर बसू द्या.