बडोद्यात बसून ग्रीनलंडचे हिमकंप: अर्थस्कोपची मोफत डेटासेवा कामाची आहे का?

हिमनद्या तुटताना टिपायच्या म्हणून घरगुती भूकंपमापक मागवणार असाल तर थांबा. त्यात बहुधा साडेचार हर्ट्झचा जिओफोन (जलद थरथर टिपणारा संवेदक) असतो. ग्रीनलंडचे हिमकंप, म्हणजे हिमनदीचा प्रचंड खंड तुटून उलटताना उठणारे कंप, 35 ते 150 सेकंदांच्या लांब लाटांत येतात, ते याच्या आवाक्यातले नाहीत. दांडिया बाजारातल्या घरात ठेवलात तर रिक्षा-बसची थरथर दिसेल, नवरात्रात जवळच्या गरब्याचा ठेकाही उमटेल. बर्फ नाही.

त्यापेक्षा जगभरच्या भूकंपमापकांच्या नोंदी पुरवणाऱ्या अर्थस्कोप या अमेरिकी संस्थेची (पूर्वीची आयरिस) डेटासेवा बरी. साधा लॅपटॉप आणि भूकंपनोंदी हाताळणारे पायथॉनमधले ऑब्सपाय पुरते. नेटवर्क आययू, स्टेशन एसएफजेडी (ग्रीनलंडमधले), लोकेशन 00 (स्टेशनातल्या यंत्राचा क्रमांक), चॅनेल एलएचझेड (लांब लाटांची उभी हालचाल) मागवा. सेकंदाला एक नमुना, दिवसाचे 86,400. मोबाइलच्या नेटवरही पटकन उतरतात. सोबत स्टेशनएक्सएमएल (यंत्राची माहिती देणारी फाइल) घ्याच, नाहीतर यंत्राचा प्रतिसाद काढता येत नाही आणि आकडे नुसते काउंट्समध्ये, म्हणजे यंत्राच्या कच्च्या एककात, राहतात.

खरी गोची पुढे आहे. चोवीस तासांच्या नोंदीला दोन्ही टोकांना पाच टक्के टेपर लावला (टोके हळूहळू शून्यावर आणली) की दोन्हीकडची 72-72 मिनिटे दबतात. म्हणून आगेमागे दीड-दीड तास जास्त मागवावा. नोंद मध्येच तुटली असेल तर त्या रिकाम्या जागेत शून्ये भरू नयेत. तिथे तयार होणारी पायरी 35 ते 150 सेकंदांचा पट्टा निवडणाऱ्या फिल्टरमधून गेली की हुबेहूब हिमकंपासारखी हेलकावते. अशा नोंदीचे तुकडे वेगळेच ठेवावेत. मागणीला उत्तर म्हणून 204 हा कोड आला तर सर्व्हर बंद नाही, तुमच्या मागणीत बसणारा डेटा नाही. आधी लोकेशन कोड तपासा. वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, साडेपाच तास विसरू नका.

लाट दिसली म्हणजे हिमखंडच तुटला असेही नाही. दूरच्या मोठ्या भूकंपाचे पृष्ठतरंग याच पट्ट्यात येतात, त्यामुळे भूकंपसूची शेजारी उघडी हवी. उलट हिमकंप नेहमीच्या सूचीत सहसा सापडत नाहीत, कारण त्यांत उच्च वारंवारितेची ऊर्जा फार कमी. पाच तीव्रतेच्या आसपासचे असूनही भूकंपशास्त्रज्ञ एकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी ते 2003 मध्ये दाखवून देईपर्यंत लक्षात आले नव्हते. जागा ठरवायला एक स्टेशन पुरत नाही, निदान तीन लागतात.

किती बर्फ गेला, हे मात्र ही सेवा सांगत नाही. ग्रीनलंडच्या हेलहाइमसारख्या हिमनदीचा प्रचंड खंड उलटताना कड्याला रेटतो, तो रेटा इथे नोंदला जातो. सपाट खंड न उलटता तरंगत निघून गेला तर या पट्ट्यात जवळजवळ काहीच येत नाही. वस्तुमानासाठी ग्रेस-एफओसारखे गुरुत्वाकर्षण मोजणारे उपग्रहच पाहावे लागतात.

सरावाला 16 सप्टेंबर 2023 पासूनचे नऊ दिवस उतरवा. सुमारे 92 सेकंदांची एकसुरी लाट दिसेल, अगदी आपल्याच पट्ट्यात. ती हिमखंडाची नाही. पूर्व ग्रीनलंडमधल्या डिक्सन फियोर्ड या चिंचोळ्या खाडीत दरड कोसळून पाणी हिंदकळत राहिले होते.